मैदानाखालची मंडळी

१२ सप्टेंबर

दादा,

हे पत्र घरी कुणाला दाखवलंस तर तुझे कॉलेजमधले सगळे पराक्रम वहिनीला सांगेन, हे आधीच बजावून ठेवते. तुमच्या जहाजावर फोन लागत नाही ते एका अर्थी बरंच आहे. माझा आवाज ऐकून तू लगेच ओळखलं असतंस. बंदराला लागलास की ही मेल निवांत वाच, आणि वाचून झाल्यावर इंजिनरूममध्ये जाऊन कुणावर तरी ओरड. तेवढं केलंस की पुरे.

तर झालंय असं, की माझे पैसे बंद होणार आहेत. ज्या प्रकल्पातून माझी फी भरली जायची आणि दर महिन्याला खायला-राहायला पैसे मिळायचे, तो एका खतांच्या कंपनीच्या जिवावर चालला होता. कंपनीनं हात वर केले. माझ्या गाइड बाईंनी मला खोलीत बोलावून स्वतः कॉफी करून दिली, तेव्हाच काहीतरी बिघडलंय हे मी ओळखलं. बाई पीएचडी झालेल्यांनासुद्धा कॉफी देत नाहीत. म्हणाल्या, मार्चपर्यंत कसंबसं रेटता येईल. पुढची सोय झाली नाही तर विद्यापीठातून नाव कमी होणार, नाव कमी झालं की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की मी जाणार.

बाईंनाच इतकं वाईट वाटत होतं, की शेवटी मीच त्यांना धीर दिला. 'होईल काहीतरी' असं म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले.

आता शिष्यवृत्त्या शोधतेय. इथल्या प्रत्येक शिष्यवृत्तीच्या माहितीत वर छान छान लिहिलेलं असतं, जिज्ञासा काय, गुणवत्ता काय, आणि मग हळूच खाली असतं, 'फक्त या देशाच्या नागरिकांसाठी'. परवा डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठीची एक सापडली. मी डावखुरी आहे! पण डावखुरा नागरिकही असावा लागतो. माझ्याबरोबर राहणारी दातवाली (ती दंतवैद्यकाला आहे, रोज सराव म्हणून माझे दात तपासते) म्हणाली, हार मानू नकोस. माझं तोंड उघडं होतं आणि तिचा आरसा आत होता, त्यामुळे मला उलट बोलता आलं नाही.

आई-बाबांना काहीही सांगू नकोस. बाबा शेजारपाजाऱ्यांना अजून 'मातीचं संशोधन' असंच सांगतात. गांडूळ हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. त्यात गांडुळांचेही पैसे बंद झाले म्हटल्यावर त्यांना चार दिवस जेवण जाणार नाही.

तुझी,
ठकी


२ नोव्हेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. एकंदर दहा ओळी. त्यातल्या चार पिस्टनबद्दल, दोन स्वयंपाक्याबद्दल, आणि मग म्हणे, 'कंपनी आणखी एक कॉन्ट्रॅक्ट देतेय. सही करतो. तुझी फी मी भरतो. विषय संपला.'

विषय अजिबात संपलेला नाही.

तू निघालास तेव्हा तुझी चिमी पाळण्यात होती. आता ती सोफ्यावर चढते आणि उतरता येत नाही म्हणून घर डोक्यावर घेते. वहिनीनं परवा व्हिडिओ पाठवला. तूही बंदरात पाहशीलच. जानेवारीपासून किनाऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये लागायचं, पगार कमी पण रोज घरी, असं तू आणि वहिनीनं ठरवलंय. वर्कशॉपचा मालक तुझ्यासाठी जागा धरून बसलाय. आणि तू पुन्हा वर्षभर समुद्रात? कशासाठी, तर मी परदेशात जमीन उकरावी म्हणून?

तू सही केलीस तर मी ते पैसे घेणार नाही. ते तुझ्या खात्यात पडून राहतील आणि तू जहाजावर. यात फायदा कुणाचा, तूच सांग.

मला माहितीये, तू हट्टी आहेस. मी जास्त आहे. कंपनीला तुला डिसेंबरअखेर कळवायचंय ना? मग तोवर सही करू नकोस. तेवढ्यात माझी सोय झाली तर तू गुपचूप घरी जायचं. नाही झाली तर मी घरी येईन आणि तरीही तू घरीच जायचं. यात तुझ्यासाठी दुसरा पर्याय ठेवलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता माझी खबर. एका मोठ्या प्रतिष्ठाननं मुलाखतीला बोलावलं. त्यांच्याकडे नागरिकत्वाची अट नाही. मी इस्त्री केलेला शर्ट घातला होता, यावरून काय ते समज. समोर पाच जण. त्यातल्या एकांना गांडुळांची किळस वाटत असणार, कारण मी पडद्यावर पहिलं चित्र दाखवल्यावर ते शेवटपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मी सांगितलं, की जमिनीत पाणी मुरतं ते बऱ्याच अंशी गांडुळांनी केलेल्या बोगद्यांमधून, आणि कुठल्या जातीचं गांडूळ कसा बोगदा करतं ते मी मोजते. एका बाईंनी विचारलं, हे समजल्यानं नेमकं काय होईल? मी म्हटलं, 'पाणी कुठे जातं ते कळेल.' त्यांनी मान डोलावली. ही होकाराची मान होती की झोपेची, ते कळलं नाही.

बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, शर्टाच्या बाहीला आतून चिखल होता. कुठून आला देव जाणे.

ठकी


२४ नोव्हेंबर

दादा! मिळाली!

प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती! आज सकाळी कळलं. मी प्रयोगशाळेत किंचाळले. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काचेचं काहीतरी फुटलं. दातवालीनं संध्याकाळी मला बाहेर जेवायला नेलं आणि जेवणभर एकदाही माझ्या दातांकडे पाहिलं नाही. म्हणून सांगते, सही नाही, कॉन्ट्रॅक्ट नाही, पिस्टनला टाटा कर. वर्कशॉपच्या मालकाला कळव. मी हे पत्र आत्ताच पाठवणार होते, पण डोळे मिटतायत. उद्या पाठवते.

(पुढचं दुसऱ्या दिवशी.)

बरं झालं पाठवलं नाही.

आज विभागाच्या सेक्रेटरी बाईंकडे कागद घेऊन गेले. त्या चष्मा लावून सावकाश वाचतात. वाचून झाल्यावर चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'बस जरा.' इथल्या विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्यांची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते. शिष्यवृत्ती खाण्यापिण्याचे पैसे देते आणि फी भरते, पण इथल्या मुलांची असते तेवढीच. वरचा फरक ज्याचा त्यानं बघायचा. आणि तो फरक मी दोन नोकऱ्या केल्या तरी भरून निघणार नाही, शिवाय व्हिसावर दोन नोकऱ्या करताही येत नाहीत.

म्हणजे माझं ताट वाढलंय, पाणी घेतलंय, आणि आता म्हणतात पाट तुझा तू आण.

सेक्रेटरी बाईंनी ड्रॉवरमधून चॉकलेट काढून दिलं. मी ते तिथेच खाल्लं. मग थोडी रडले. त्यांनी दार लावून घेतलं आणि बाहेर 'मीटिंग चालू आहे' अशी पाटी लावली. चांगली बाई आहे.

तू सही करू नकोस. महिना आहे अजून.

ठ.


१० डिसेंबर

दादा,

तू गप्प आहेस. गप्प म्हणजे समुद्रात आहेस की सही करून माझी नजर चुकवतोयस? बंदराला लागलास की एका शब्दात तरी कळव.

दरम्यान इकडे गंमत झाली. सेक्रेटरी बाईंनी एक मेल छापून माझ्या टेबलावर ठेवली. वर पेनानं लिहिलं होतं, 'तुझ्या मंडळींच्या जिवावर कुणीतरी उठलंय.' इथल्या फुटबॉलच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माणसानं विद्यापीठाला विचारलं होतं, गांडुळं मारायला चांगलं औषध कोणतं?

मी तशीच निघाले. भांडायलाच निघाले होते, खरं सांगायचं तर. मैदानावर पोचले तेव्हा तो माणूस रोलर फिरवत होता. आडदांड, लोकरीची टोपी, लालबुंद कान. मी त्याचं नाव रोलरकाका ठेवलंय. मला बघून थांबले.

'तुम्ही औषधवाल्या?'

'नाही,' मी म्हटलं, 'मी गांडूळवाली.'

त्यांनी रोलर बंद केला.

बिचाऱ्याची तक्रार खरी होती. गांडुळं रात्री वर येऊन मातीच्या छोट्या छोट्या गोळ्या टाकून जातात. खेळाडूंच्या बुटांखाली त्यांचा चिखल होतो, माणसं घसरतात. गेल्या सामन्यात गोलकीपर चेंडूकडे झेपावला आणि चेंडू सोडून भलतीकडेच गेला. क्लबचे लोक काकांना फाडून खातायत. पूर्वी एक जालीम औषध मिळायचं, त्यावर आता बंदी आली. बंदीच्या आधी त्यांच्याकडे निम्म्या मैदानापुरतं उरलं होतं, ते त्यांनी प्रेक्षकांच्या छपराकडच्या बाजूला टाकलं. ती बाजू खरंच गालिच्यासारखी होती. एक गोळी नाही. काका तिच्याकडे पोटच्या पोरीकडे बघावं तसे बघत होते. दुसरी बाजू म्हणजे सगळा पुरळ.

बोलता बोलता पाऊस आला, चांगलाच. आम्ही छपराखाली जाऊन बसलो. काकांनी थर्मासमधला चहा दिला. मी त्यांना मारू नका म्हणून सांगत होते, ते मला शनिवारच्या सामन्याचं सांगत होते, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हतो. मग पाऊस ओसरला, आणि मी समोर पाहिलं.

दादा, गालिच्याच्या बाजूला तळं झालं होतं. अख्खं आभाळ त्यात दिसत होतं. आणि पुरळाच्या बाजूला नुसतं ओलं गवत.

मी काकांना विचारलं, ही बाजू नेहमी तुंबते का? म्हणाले, हो, खालचा निचऱ्याचा पाइप खराब आहे. क्लबनं दोनदा खणून पाहिला.

'पाइपात काय सापडलं?'

'काही नाही. साफ होता.' असं म्हणून ते तळ्याकडे बघायला लागले.

मी पिशवीतून मोहरीची पूड काढली. ती पाण्यात कालवून जमिनीवर ओतली की गांडुळांना झोंबतं आणि ती वर येतात, त्यांना फारशी इजा न होता मोजता येतात. आम्ही तळ्याच्या कडेला ओतून पाहिलं. एक आलं नाही. मग पुरळाच्या बाजूला ओतलं. आधी एक आलं, मग चार, मग मोजायचं सोडून दिलं. सरावाला आलेले दोन धिप्पाड खेळाडू बघायला वाकले आणि तसेच मागे पळाले. काकांनी टोपी काढली.

मी त्यांना खरं तेच सांगितलं. मातीच्या गोळ्या एकदोन जातीच टाकतात, बाकीच्या खालच्या खाली काम करतात. त्या एकदोन जातींना वर न येऊ देता पाणी मुरवणाऱ्यांना कसं सांभाळायचं, ते मला आज माहीत नाही. शोधता येईल. तीन वर्षं लागतील.

काका म्हणाले, तीन वर्षं? मॅच शनिवारी आहे.

मी म्हटलं, गोळ्या वाळल्या की झाडूनं उडतात. शनिवारी सकाळी झाडू मारू.

आणि मारला, दादा. काका आणि मी, दोघांनी मिळून, उजाडल्यापासून. माझी कंबर अजून सरळ होत नाहीये. पण कुणी घसरलं नाही. सामना बरोबरीत सुटला, त्यात गांडुळांचा दोष नाही.

ठकी


१९ डिसेंबर

दादा,

तुझं अजून काही नाही. वहिनी म्हणते जहाज दोन दिवसांत बंदराला लागेल. तेव्हा हे सगळ्यात आधी वाच: सही करू नकोस, उद्यापरवा काहीतरी ठरतंय.

रोलरकाकांनी मला त्यांच्या संघटनेच्या सभेला नेलं. या देशातल्या मैदानं राखणाऱ्यांची संघटना असते हे मला कुठे माहीत होतं. फुटबॉलवाले, गोल्फवाले, घोड्यांच्या शर्यतीवाले. त्यांच्याकडे संशोधनासाठी थोडी रक्कम बाजूला असते. आजवर संशोधन कुणी केलं नाही, म्हणून दरवर्षी त्यातून जेवण करतात. अध्यक्षबाई गोल्फचं मैदान सांभाळतात. आवाज असा, की माइकची गरज नाही.

मी चित्रं दाखवली, गालिचा आणि तळं, शेजारी शेजारी. सगळे पुढे सरकून बघत होते. ही माणसं माती ओळखतात, त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही. मी सांगितलं, राहण्याखाण्याचं मला मिळालंय, फीमधला फरक तेवढा हवाय. बदल्यात माझं सगळं काम तुमच्या मैदानांवर होईल.

मग मागून एकानं विचारलं, की आपले पैसे आपल्या मुलांना का देऊ नयेत? ही मुलगी शिकेल आणि निघून जाईल.

माझे हात गार पडले. गोड बोलता आलं असतं, की मी इथेच राहीन, हा देश मला माझाच वाटतो वगैरे. पण तोंडातून निघेना. मी म्हटलं, 'कदाचित जाईनही. राहायचं म्हटलं तरी राहू देतील की नाही, हे माझ्या हातात नाही. पण जे सापडेल ते इथेच राहील, तुमच्या पायांखाली. ते मी बॅगेत घालून नेऊ शकत नाही.'

मग रोलरकाका उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नाहीत असं मला नंतर कळलं. त्यांनी वळून त्या माणसाकडे पाहिलं.

'शनिवारी पहाटे माझ्या मैदानावर झाडू मारायला ही आली होती,' ते म्हणाले. 'तुमच्यापैकी कोण आलं होतं?'

आणि खाली बसले. बस, एवढंच.

निर्णय कार्यकारिणी घेणार आहे. मला घास गिळवत नाही, आणि दातवाली म्हणते मी झोपेत दात खाते. ते मात्र तिच्या फार कामाचं आहे म्हणे.

ठकी


२३ डिसेंबर

दादा,

आज दोन मेल एकदम आल्या. आधी कुठली उघडावी कळेना, म्हणून तुझी ठेवली आणि दुसरी उघडली.

झालं. मिळाले. फीचा फरक, माझं काम पूर्ण होईपर्यंत. अट एकच, की दरवर्षी सभेत येऊन काय सापडलं ते अवघड शब्द न वापरता सांगायचं. यंदाचं जेवण रद्द झालंय, त्यामुळे एकदोन जण माझ्यावर जन्मभर रागावणार. बाईंना सांगितलं तर त्या उठल्या आणि कॉफी करायला लागल्या. मी घाबरून म्हटलं, नको. त्या हसत सुटल्या. सेक्रेटरी बाईंनी कागद चष्मा लावून वाचला, मग पुन्हा वाचला, मग शिक्का मारला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग घरी फोन करून पहिल्यापासून सगळं सांगितलं. आई आधी रागावली, मग रडली, मग विचारलं की झाडू मारताना कानाला काही बांधलं होतंस का. बाबा म्हणाले, 'म्हणजे गांडुळांसाठी माणसांनी जेवण सोडलं?' आणि मग आई सांगते, तसेच चपला घालून शेजारी गेले. तिथे त्यांनी पहिल्यांदा गांडूळ हा शब्द उच्चारला. मोठ्यानं.

इतकं झाल्यावर तुझं पत्र उघडलं.

तू आयुष्यात इतकं लांब पत्र लिहिलेलं नाहीस. एकही पिस्टन नाही. आधी दोन परिच्छेद नुसती माफी. 'ठके, मला क्षमा कर, मी कंपनीला नाही म्हणून कळवलंय, तुझ्यासाठी सही करायला हवी होती पण हात उचलला नाही.' बंदराला लागल्यावर तू घरी व्हिडिओ कॉल केलास. बोलणं झालं, कॉल बंद करायचा वहिनी विसरली, आणि चिमीनं फोन उचलून उशीवर ठेवला, त्यावर पांघरूण घातलं आणि थोपटायला लागली. बाबा झोपला, म्हणाली. तुला अंधारात नुसता तिचा आवाज येत होता. तू तसाच ऐकत बसलास, आणि मग वर जाऊन कॅप्टनला सांगून आलास. मेल बघायचं त्यानंतर सुचलं म्हणतोस. तेव्हा माझं पत्र उघडलंस, आणि त्यात 'काहीतरी ठरतंय' वाचून तुला आणखीच अपराधी वाटलं, कारण ठरलं नाही तर काय, याचा विचार न करताच तू मोकळा झाला होतास.

वेड्या, माफी कसली मागतोस?

पैसे मिळाल्याचा आनंद मला आज दिवसभर झाला. जिन्यावरून उड्या मारत उतरले, सेक्रेटरी बाईंना मिठी मारली. पण तुझं पत्र वाचून जे झालं ते वेगळंच. मी तुला दोन महिने धमक्या देत होते, सही करू नकोस, माझी सोय होईल, थांब. मला सारखं वाटायचं, माझी सोय झाली तरच तू घरी जाशील. म्हणजे चिमीचा बाप घरी येणार की नाही, हे माझ्या नशिबावर. त्या सभेत माझे हात गार पडले होते ते त्यामुळे. आणि तू तर माझं काय झालं ते कळायच्या आधीच निघालास. माझ्यासाठी थांबला नाहीस. किती बरं केलंस, दादा. किती बरं केलंस.

आता आवरायला घे. वहिनीला येण्याची वेळ नीट कळव, आदल्या दिवशी नको. आणि विमानात भरपूर झोपून घे. घरी ती सोफ्यावर चढून बसलेली असेल, आणि तिला उतरवायला तूच लागणार आहेस.

तुझी,
ठकी